गर्दीसकट मियाजिमा

जपानात राहणाऱ्या कुणालाही हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं असतं. दिवसा जाऊ नकोस गं, फार टुरिस्टी झालंय, रात्री तिथेच राहा, संध्याकाळी लोक परत गेले की मग खरं बेट दिसतं. हे सांगणारे सगळे स्वतः कॅमेरा घेऊनच गेलेले असतात पण ते टुरिस्ट नसतात, टुरिस्ट म्हणजे बाकीचे. मला हे कधीच नीट पटलं नव्हतं, आणि एप्रिलात मावशीच्या ग्रुपबरोबर भर दिवसा, गळ्यात आयकार्डं अडकवलेल्या पस्तीसेक लोकांच्या घोळक्यात ते बेट बघून आल्यापासून तर अजिबातच पटत नाही.

मावशी ठाण्याची. तिचा ग्रुप म्हणजे मुळात कॉलनीतल्या बायकांची भिशी. आधी भिशीच्या पैशातून कुणी मिक्सर घ्यायचं कुणी पाटल्या, मग कुणाच्या तरी डोक्यातून अष्टविनायक निघालं, मग चारधाम, मग नवरेमंडळी रिटायर होऊन त्यात घुसली, नातेवाईक घुसले, आणि बघता बघता भिशी जपानला पोचली. मी ओसाकात असते, त्यांचा हिरोशिमात मुक्काम होता, म्हणून रजा टाकून गेले. टूर मॅनेजर डोंबिवलीचा तरुण मुलगा, तो म्हणाला मॅडम तुम्हाला जपानी येतं ना मग बसा बसमधे, तेवढाच मला आधार. आदल्या दिवशी सगळ्यांनी शांतता स्मारकाचं म्युझियम बघितलं होतं आणि रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही असं मावशी सांगत होती. सकाळी बसमधे मात्र पुढच्या सीटच्या रोटेशनवरून नेहमीचं भांडण सुरू झालं आणि मला हायसं वाटलं.

मियाजिमागुचीच्या धक्क्यावरून बोट. दहा मिनिटांचा प्रवास. तिकिटावर 100 येन वेगळे लागतात, 2023 च्या ऑक्टोबरपासून येणाऱ्या प्रत्येकाकडून ते घेतात, बेटाच्या देखभालीसाठी. ‘यात्राकर म्हणा की सरळ,’ असं एक काका म्हणाले आणि विषय संपला, कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. बेटावर राहणारी माणसं दीड हजारसुद्धा नाहीत आणि वर्षाला येतात 40 लाखांच्या वर, तर घेणारच ना. दिवसाच्या फेऱ्यांमधे जेआर या रेल्वे कंपनीची बोट मुद्दाम वाट वाकडी करून त्या समुद्रातल्या लाल तोरीजवळून, म्हणजे इत्सुकुशिमा देवळाच्या महाद्वाराजवळून नेतात. ती जाताना उजव्या हाताला दिसते हे गाइडबाईंनी सांगितलं मात्र, सगळे उजव्या कठड्याला. डावीकडे मी आणि एक जपानी आजोबा, ते पेपर वाचत होते.

धक्क्यावर उतरल्यावर भरती-ओहोटीचा तक्ता लावलेला असतो. इथला सगळा दिवस त्या तक्त्यावर चालतो. पाण्याची पातळी 250 सेंटिमीटरच्या वर असेल तर तोरी आणि देऊळ पाण्यावर तरंगल्यागत दिसतात, 100 च्या खाली गेली की चालत तोरीच्या पायाशी जाता येतं. त्या दिवशी भरती दहाच्या सुमारास होती आणि ओहोटी चारनंतर, म्हणजे दोन्ही मिळणार होतं, फक्त मधले सहा तास पस्तीस माणसं सांभाळायची होती.

ग्रुपमधे अलिबागचे एक काका होते, कुणाचे तरी व्याही. त्यांनी तक्त्याकडे बघायच्या आधीच मोबाईलमधे पंचांग काढलं. काल पौर्णिमा, आज प्रतिपदा, तिथीची पाऊणपट, म्हणजे पूर्ण भरती पाऊण वाजता. कोकणात हा हिशोब लहान पोरालाही येतो, अलिबागला तर कुलाबा किल्ल्यात चालत जायचं म्हणजे त्याशिवाय भागतच नाही. आणि इथे बोर्डावर दहा! काका उखडलेच. ‘चुकीचं लिहिलंय यांनी.’ जपान्यांनी वेळ चुकीची लिहिली असेल ही शक्यता बोलून दाखवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मग पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या इंजिनिअर काकांनी समजूत घातली, की अहो चंद्र तोच, पण पाणी कुठल्या वाटेने येतं त्यावर वेळ ठरते, तुमच्याकडे सरळ उघडा अरबी समुद्र आणि इथे हा आतला समुद्र, प्रशांत महासागरातून चिंचोळ्या वाटांनी पाणी आत यायचं, बेटांच्या मधून वाट काढायची, प्रत्येक बंदराचा हिशोब वेगळा. अलिबागकर ऐकून घेऊन म्हणाले, बरं, मग इथला गुणाकार किती? ते काही कुणाला सांगता आलं नाही. दिवसभर मधेमधे ते पाण्याकडे बघून काहीतरी पुटपुटत होते.

इत्सुकुशिमा देवळाची स्थापना 593 सालची मानतात, पण आज दिसतो तो थाट ताइरा नो कियोमोरी या सरदाराने 1168 च्या सुमाराला उभा केला. देऊळ समुद्रात का, तर अख्खं बेटच देव, मग देवाच्या अंगावर खांब कसे रोवायचे, म्हणून भरतीच्या पाण्यात बांधलं. हे सगळं गाइडबाई छान सांगत होत्या पण पस्तीसातले दहाएक जण ऐकत होते, बाकीचे फोटोत. मला त्याचा राग येत नाही खरं तर. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट कळलीच पाहिजे असा काही नियम नाहीये.

इंजिनिअर काका मात्र गॅलरीत खाली वाकून बसले होते. लांबच लांब लाल खांबांच्या त्या गॅलरीत जमिनीच्या फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या नाहीत, मधे बोट जाईल न जाईल अशा फटी ठेवल्यात, आणि भरतीची वेळ असल्यामुळे त्या फटीतून खालचं हिरवं पाणी हलताना दिसत होतं, मधेच एक फळी चपचप वाजायची. वादळात पाणी खालून दणका देतं तेव्हा ते या फटींतून वर येऊन मोकळं होतं आणि फळ्या उखडत नाहीत. काकांनी खिशातून किल्ली काढून फटीत घालून जाडी बघितली (बायको ओरडली, पडली म्हणजे घरात कसे शिरणार आहात). ‘अपलिफ्टचा बंदोबस्त आहे हा,’ ते मला म्हणाले, ‘आम्ही धरणाच्या पायात ड्रेन ठेवतो ते ह्याच्यासाठीच.’ तरी 2004 च्या चक्रीवादळात देवळाची बरीच मोडतोड झाली होती, मग परत दुरुस्त केलं. दर काही वर्षांनी काहीतरी मोडतं आणि परत बांधतात, आठशे वर्षं हेच चाललंय.

आता माझं म्हणणं सांगते. मियाजिमा शांत, पवित्र वगैरे होतं आणि आपण टुरिस्टांनी ते बिघडवलं, ही गोष्टच मुळात खोटी आहे. या बेटावर शेती करायची बंदी होती, कापड विणायचीही बंदी. जन्म आणि मरण दोन्ही विटाळ, म्हणून बाळंतपणाला बाईने पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं, प्रेतंही पलीकडे न्यायची, बेटावर आजही स्मशान नाही. मग इथली माणसं खाणार काय? येणाऱ्यावर जगणार! एडो काळात (1603 ते 1868) इथे मोठे बाजार भरायचे, नाटकांचे खेळ व्हायचे, बोटी भरभरून लोक यायचे. जपानची ‘तीन सर्वात सुंदर ठिकाणं’ म्हणून जी यादी हल्ली प्रत्येक ब्रोशरवर असते, मात्सुशिमा, आमानोहाशिदाते आणि हे, ती हायाशी गाहो नावाच्या विद्वानाच्या 1643 सालच्या लिखाणातून आलेली आहे. म्हणजे टॉप थ्री काढायची हौस पावणेचारशे वर्षं जुनी आहे, इन्स्टाग्रामला कशाला बोल लावता.

आणि त्या काळी लोक यात्रेला जायचे कसे, तर ग्रुपने. गावात ‘को’ नावाची मंडळं असायची, सगळ्यांनी थोडे थोडे पैसे टाकायचे, चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचं नाव निघेल त्याने सगळ्यांच्या वतीने जाऊन यायचं. इसेच्या मोठ्या देवळाच्या यात्रेसाठी तर गावोगाव हे चालायचं. मी हे बसमधे सांगितल्यावर मावशी एकदम वळून म्हणाली, ‘अगं ही तर भिशीच!’ आहेच. फरक इतकाच की आमची भिशी घोळक्याने निघते आणि त्यांच्यात दर वेळी दोनतीन जण जायचे. गेलेल्याने मागे राहिलेल्यांसाठी काहीतरी आणायलाच हवं, कारण पैसे त्यांचेही होते ना. जपानी माणूस आजही कुठे गेला की ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना खोके आणतो त्याचं मूळ यात सांगतात. ही वस्तू हलकी पाहिजे, स्वस्त पाहिजे, वाटेत खराब न होणारी पाहिजे.

मियाजिमाची तशी वस्तू म्हणजे भातवाढी! अठराव्या शतकाच्या शेवटी सेइशिन नावाचा भिक्षू होता, बेटावरच्या लोकांना काही धंदा नाही म्हणून त्याला काळजी. त्याच्या स्वप्नात बेन्झाइतेन देवी आली, म्हणजे आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे पोचलेली, हातात बिवा नावाची वीणा घेऊन. त्या बिवाच्या आकारावरून त्याने लाकडाची भातवाढी केली आणि गावकऱ्यांना करायला शिकवली. पुढे 1894 च्या चीनशी झालेल्या युद्धात हिरोशिमाच्या उजिना बंदरातून सैन्य निघायचं, ते सैनिक देवळात भातवाढ्या वाहून जायचे, घरी न्यायचे, आणि तिचं नाव देशभर झालं. बाजाराच्या रस्त्यावर एक राक्षसी भातवाढी ठेवलीय, 7.7 मीटर लांब, अडीच टन वजन. तिच्यासमोर आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या बायकांचा फोटो आहे, त्यात एकीने कंबरेवर हात ठेवलेत आणि ती त्या भातवाढीकडे अशी बघतेय की हिला घासणार कोण.

देवळामागेच दाइगान्जी नावाच्या बौद्ध मंदिरात ती सरस्वती आहे. 1868 नंतर सरकारने शिंतो हा मूळ जपानी धर्म आणि बौद्ध धर्म वेगळे करायचं ठरवलं तेव्हा देवीला मोठ्या देवळातून इथे हलवलं, आणि मूर्तीचं दर्शन वर्षातून एकदाच, 17 जूनला. म्हणजे आम्हाला काही दिसलं नाही. तरी दारापाशी उभं राहून सगळ्यांनी सरस्वतीचा श्लोक म्हटला, शाळेतल्या चालीत, थोडा बेसूर. तिथल्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि वाकून नमस्कार केला.

जेवणाचं फार लिहीत नाही, शाकाहारी ग्रुपचं जपानात काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला माहितीये. रस्ताभर कालवं भाजत होते, अलिबागकर काका आणि आणखी चारपाच जण ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून गेले आणि लिंबाचा वास घेऊन आले. बाकीच्यांनी सेंजोकाकु नावाच्या मोठ्या लाकडी सभामंडपाच्या पायथ्याशी डबे उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कुणीतरी थेट ठाण्याहून आणलेली कुरडई. हरणं लगेच हजर. इथे त्यांना खायला घालायचं नाही असा नियम आहे, पण हरणाला कुठे नियम वाचता येतो, एकाने मावशीच्या पर्समधून बाहेर डोकावणारा नकाशा ओढला आणि उभ्या उभ्या चावून टाकला. वर सेंजोकाकुत मग सगळे लवंडले. हिदेयोशी या तेव्हाच्या सत्ताधीशाने 1587 साली हे बांधायला घेतलं, 1598 ला तो गेला आणि काम तिथेच थांबलं, वर छताला फळ्याच ठोकलेल्या नाहीत, तुळया उघड्या. 857 तातामी चटया मावतील एवढी जागा, गार लाकडी जमीन, समोर समुद्राचा वारा. इतिहासातल्या अर्धवट राहिलेल्या कामाचा इतका उत्तम उपयोग मी दुसरीकडे बघितला नाही, दोन काका चक्क घोरत होते.

दुपारी ग्रुप फुटला. गुडघे चांगले असलेले मिसेन डोंगरावर, बाकीचे दाइशोइन मंदिरात. मी गुडघे दुखणाऱ्यांबरोबर गेले. वर गेलेल्यांकडून नंतर कळलं की रोपवे शिखरापर्यंत जातच नाही, दोन टप्प्यांनी शिशिइवा स्टेशनला सोडतो आणि पुढे अर्धा तास चढ-उतार, हे टूर मॅनेजरने का सांगितलं नाही यावर बसमधे चर्चासत्र झालं. पण 535 मीटरच्या त्या डोंगरावर एक अग्नी आहे, कोबो दाइशी या बौद्ध भिक्षूने 806 साली पेटवला आणि तेव्हापासून विझला नाही असं मानतात. 2005 मधे ती खोली जळाली तरी अग्नी वाचवला. हिरोशिमाच्या स्मारकातली शांतताज्योत पेटवताना याच अग्नीतून ज्योत नेली होती. आदल्या दिवशी ती ज्योत बघून गप्प झालेल्या एक काकू हे ऐकल्यावर धापा टाकत का होईना वर गेल्या, आणि आल्यावर त्यांनी फक्त ‘धूर फार होता, डोळे चुरचुरतायत’ एवढंच सांगितलं.

दाइशोइनमधे आमची चंगळ होती. पायऱ्यांच्या कडेला सूत्रं कोरलेली धातूची चक्रं, चढताना हाताने फिरवत गेलं की ते सूत्र वाचल्याचं पुण्य. आत हेन्जोकुत्सु नावाची गुहा आहे, मंद दिवे, शिकोकु बेटावरच्या 88 मंदिरांच्या मूर्ती ओळीने, प्रत्येकीसमोर पायाखाली त्या त्या मंदिराची वाळू. शिकोकुची ती परिक्रमा पायी करायची तर हजारभर किलोमीटर चालायला लागतं. इथे एक फेरी मारली की सगळी यात्रा पदरात! गुडघ्याला पट्टे बांधलेल्या आमच्या बायकांनी ती फेरी इतक्या मनापासून केली, एकीने तर दोनदा, एक नवऱ्याच्या नावाने, तो ठाण्यातच राहिला होता. शॉर्टकट म्हणून हसणारे हसोत. न येऊ शकणाऱ्याचीही यात्रा घडावी ही सोय इथल्या लोकांनी स्वतःच्या माणसांसाठीच करून ठेवलीय, आपण नुसतं तिच्यात शिरलो.

साडेतीनला सगळे परत किनाऱ्यावर. सकाळचं पाणी गायब, ओला करडा चिखल आणि वाळू, लोक तोरीच्या दिशेने चालत निघालेले. जवळ गेल्यावर ती केवढी आहे ते कळतं, साडेसोळा मीटर उंच, 1875 साली उभारलेली, मुख्य खांब कापराच्या झाडांचे, सहा जणांनी हात धरले तरी पुरतील न पुरतील. खालचा भाग कालवांच्या खरबरीत कवचांनी माखलेला, हात लावला तर सालटं निघेल. आणि हे सगळं जमिनीत पुरलेलं नाही, नुसतं उभं आहे. खाली पाइनचे खुंट ठोकून जमीन कडक केलीय आणि वरच्या आडव्या तुळईची पेटी करून तिच्यात दगड भरलेत, टनावारी, त्या वजनाने बसलंय. इंजिनिअर काका खांबाभोवती फिरून आले, वर बघितलं, खाली बघितलं, आणि अलिबागकरांना म्हणाले, ‘डेड वेट.’ अलिबागकर म्हणाले, ‘पाणी अजून उतरणारे, पंधरावीस मिनिटं.’ आणि खरंच उतरलं. त्यांचा मूड एकदम सुधारला.

तिथे त्या वेळी कमीत कमी दोनशे माणसं असतील. शाळेची सहल, कोरियन जोडपी, कुठल्या तरी कंपनीचे सूटमधले लोक बूट हातात घेऊन, आमचा घोळका, आमच्या दोन काकू चक्क साडी वर खोचून. सगळे एका वेळी तोरीच्या खालून जायला बघतायत, एकमेकांचे फोटो काढून देतायत. ही जत्रा आहे. माणसं वजा केली तर उरतं ते एक लाल दार आणि चिखल, त्यासाठी रात्रीच्या मुक्कामाचे भरमसाठ पैसे ज्याला द्यायचेत त्याने जरूर द्यावेत.

बोटीच्या आधी मोजणी झाली तर एक आजी कमी. टूर मॅनेजर रडकुंडीला. त्या सापडल्या बाजारात, मोमिजी मांजू नावाच्या मिठाईच्या दुकानाच्या काचेबाहेर. आत मशीन चालू होतं, मेपलच्या पानाच्या आकाराचे लोखंडी साचे रांगेने फिरत येतात, एक नळी पीठ सोडते, दुसरी लाल चवळीच्या गोड सारणाची गोळी टाकते, वरून झाकण बसतं, साचा उलटा होतो आणि पलीकडून पानं भाजून बाहेर. आजी म्हणे कधीच्या उभ्या होत्या, एकही पान फाटलं नाही म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं आजी यात अंडं असतं हं. त्या म्हणाल्या असेल, आणि दोन खोके घ्यायला लावले, एक सोसायटीतल्या खालच्या मजल्यावरच्या जोशीणबाईंना म्हणून आणि एक ‘बघू’ म्हणून.

बघूचा खोका बस हायवेला लागायच्या आत संपला. शेवटचे दोन कुणी खाल्ले यावर वाद आहे. मावशीच्या बॅगेत मात्र चौदा भातवाढ्या होत्या, भिशीतल्या ज्या येऊ शकल्या नाहीत त्या सगळ्यांसाठी, आणि ती मला विचारत होती की केबिन बॅगेत लाकूड चालतं का गं, का काढून घेतील?